तीन कार्डं, दोन माणसं

मी तापट आहे, हे मला कुणी सांगायला नको. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत हजेरी घेऊनही जिचा स्वभाव मऊ राहिला असेल, तिला मी मुद्दाम बघायला जाईन. घरातही सगळे मला ‘बाई’च म्हणतात. आमचे हे म्हणतात, थोरल्या जाऊबाई म्हणतात, आता तर नातवंडंही म्हणायला लागलीत. तेव्हा त्या संध्याकाळी जहाजावर परतल्यावर मी फणफणत होते, यात नवल काही नव्हतं.

आम्ही तिघं आलो होतो. मी, हे आणि वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे दीर जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या, म्हणून मुलांनी वर्गणी काढून आम्हाला आठ दिवसांच्या या सफरीवर धाडलं. निघताना वहिनींचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, आईला तुझ्या भरवशावर पाठवतोय. मी म्हटलं, साठ-साठ पोरांना सहलीला नेऊन परत आणलंय, एक आई काय जड आहे.

जहाजावर प्रत्येकाला एक कार्ड देतात. त्यानेच आपल्या खोलीचं दार उघडतं, आणि किनाऱ्यावर जाता-येता तेच दारातल्या मशीनला लावायचं असतं. मशीन ‘टूं’ वाजतं आणि कोण आत, कोण बाहेर, हे जहाजाला कळतं. वहिनींनी पहिल्याच दिवशी आपलं कार्ड कुठेतरी ठेवलं आणि आम्हाला अख्खा मजला पालथा घालायला लावला. शेवटी सापडलं त्यांच्याच चष्म्याच्या डबीत. त्याच क्षणी मी तिन्ही कार्डं जप्त करून माझ्या पर्समध्ये टाकली. वहिनींना खोलीत जायचं असलं की त्यांनी मला सांगायचं आणि मी दार उघडून द्यायचं. ह्यांनी एकदा म्हणून पाहिलं, अगं, त्यांचं त्यांच्याकडे राहू दे की. मी नुसतं बघितल्यावर हे गप्प बसले.

त्या दिवशी किनाऱ्यावर सहलीची बस होती. सगळ्यांना नारिंगी टोप्या घातल्या होत्या, हरवायला नको म्हणून. बाजारात अर्धा तास दिला होता आणि वहिनी एका बटणांच्या दुकानात शिरल्या. बटणं. घरी दोन डबे भरून पडलीत. शिंपल्याची, लाकडाची, एकेक उचलून उजेडात धरून बघत बसल्या. बस त्यांच्यासाठी चाळीस मिनिटं ताटकळली. त्या वर चढल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले, पहिलीतली पोरं परवडली, त्यांना निदान घंटा तरी ऐकू येते. बसमध्ये दोन-चार जण हसले. वहिनी काही न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मला त्याचाही राग आला, कारण त्या कधीच उलटून बोलत नाहीत आणि मग सगळा कडूपणा माझ्याच पदरात पडतो.

बसने बंदराच्या फाटकाबाहेर सोडलं. तिथे झाडाखाली एक बाक होता. वहिनी म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी जरा टेकते. मी ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. आल्या असतील पाच पावलं मागे, नेहमी येतात तशा. फाटकावर गर्दी, धक्क्यावर गर्दी, ऊन मी म्हणत होतं. जहाजाच्या जिन्यावर रखवालदाराने हात पुढे केला, मी सवयीने तिन्ही कार्डं त्याच्या हातात दिली. टूं, टूं, टूं. त्याने मान वर करून पाहिलं, तीन नारिंगी टोप्या दिसल्या. तिसरी टोपी कुण्या परक्या बाईची होती, पण त्याला काय माहीत. त्याने हात हलवला आणि आम्ही आत गेलो.

खोलीत येऊन मी आंघोळ केली, पाय वर करून पडले. वहिनींची खोली शेजारीच. तिकडून आवाज नव्हता. रुसून बसल्यात, म्हटलं, बसू देत. आधी दार कुणी ठोठावायचं हा प्रश्न होता आणि मी तर ठोठावणार नव्हते. साडेपाचला कर्ण्यावरून सांगितलं की सगळे प्रवासी परत आले आहेत, पावणेसहाला जिना उचलू आणि सहाला निघू. आदल्या बंदरावर न आलेल्यांची नावं पुकारली होती. आज एकही नाव नव्हतं. मी मनात म्हटलं, चला, आज सगळा वर्ग हजर.

हे म्हणाले, वहिनींना चहाला बोलाव आता, पुरे झालं.

मी म्हटलं, "यायचं तर येतील. त्यांचं दार काय मी धरून ठेवलंय?"

बोलून गेले आणि जीभ तिथेच थांबली. दार मीच तर उघडून द्यायचं होतं. आज मी ते उघडून दिलंच नव्हतं. पर्स उपडी केली. तीन कार्डं गादीवर पडली. तिसऱ्यावर वहिनींचा फोटो, चष्म्यातून माझ्याकडे बघणारा.

वहिनी खोलीत नव्हत्या, जहाजावर नव्हत्या, आणि मी आपल्या हाताने त्यांना आत दाखवून मोकळी झाले होते. त्यांच्याजवळ कार्ड नाही. पासपोर्ट जहाजाच्या कचेरीत. रक्तदाबाच्या गोळ्या खोलीत. फोनला इथलं नेटवर्क नाही. ती बाई आयुष्यात एकटी तालुक्याला गेलेली नाही. घड्याळात पाच छत्तीस झाले होते. कार्डं उचलून आम्ही दोघं बाहेर धावलो.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. नटूनथटून जेवायला निघालेली माणसं आत यायची, हसायची, आरशात केस सारखे करायची. मला एकेकाला ढकलून द्यावंसं वाटत होतं. हे सारखे म्हणत होते, असतील गं कुठेतरी डेकवर. मी म्हटलं, गप्प राहा हो, नाहीतर मला रडू येईल.

जिन्याशी पांढऱ्या गणवेशातली अधिकारी बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिने शांतपणे ऐकून घेतलं, नंबर दाबला आणि म्हणाली की तुमच्या जाऊबाई चार बावन्नला आत आल्या आहेत. मी म्हटलं, आल्या नाहीत. ती म्हणाली, मशीनमध्ये नोंद आहे. असे बरेच जण घाबरून येतात आणि माणूस वर संगीत ऐकत बसलेलं असतं. ती मलाच समजावत होती, मी पालकांना समजवायचे त्याच सुरात.

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. "कार्ड मी दिलं. त्या माझ्याबरोबर नव्हत्या."

तिचा चेहरा बदलला. तुम्ही त्यांना शेवटचं कुठे पाहिलं, असं विचारलं. मला सांगता येईना. बाकावर टेकताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. तिने फाटकावर फोन लावला. पलीकडचा म्हणाला, माझी पाळी आत्ताच सुरू झाली, बाकावर कुणी नाही, आणि न आलेल्यांच्या यादीत नावही नाही. ती फोन खाली ठेवून म्हणाली, आधी जहाजात शोधू, कर्ण्यावर नाव पुकारू. तिच्या मागे दोन माणसं जिन्याचे दोर सोडायला येऊन उभी राहिली होती. शोधायला लागेल तासभर, जिना उचलायला दोन मिनिटं. हा हिशेब तर पहिलीतल्या पोरालाही जमला असता.

मी माझं कार्ड काढलं आणि मशीनला लावलं. टूं.

"आता तुमच्या यादीत एक माणूस बाहेर आहे," मी तिला म्हटलं. "मी."

तिने मला बजावलं की उशीर झाला तर जहाज थांबेलच असं नाही, तुम्ही दोघीही मागे राहाल. मी म्हटलं, दोघी राहिलो तर चालेल. ह्यांना म्हटलं, तुम्ही इथेच उभे राहा, हलू नका. हे जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभे राहिले आणि दोर सोडणाऱ्यांना त्यांना ओलांडून जाता येईना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं म्हणणं वाद न घालता ऐकलं होतं.

माझे गुडघे कामातून गेलेले आहेत. तरी त्या धक्क्यावरून मी धावले. वाटेत काय काय डोक्यात येत होतं. मी नवी नवरी असताना शाळेतून यायला उशीर व्हायचा, तेव्हा सासूबाई कितीही ओरडल्या तरी वहिनी ताटं घ्यायच्या नाहीत. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय त्यांनी कधी ताट वाढलं नाही. आणि मी आंघोळ करून पाय वर करून पडले होते. मला माझी लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज.

बाक खरंच रिकामा होता. फाटकावरचा माणूस खांदे उडवत होता. मी ‘वहिनी’ म्हणून हाक मारली, माझा शाळेच्या मैदानावरचा आवाज काढून. दुसऱ्या हाकेला कुंपणाच्या टोकाशी काहीतरी नारिंगी हललं. जिथून जहाज दिसतं तिथे त्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मनगटाला बटणांची पुडी अडकवलेली. ओठ सुकले होते.

मी त्यांचा दंड घट्ट धरला. त्याच म्हणाल्या की आधीच्या रखवालदाराने यादी पाहिली, यादीत नाव नाही म्हणून हाकललं, मग इथे येऊन उभी राहिले, टोपी तरी दिसेल. मग म्हणाल्या, "पण मी घाबरले नाही फार. म्हटलं, बाई आहे ना. ती मोजल्याशिवाय आत जायची नाही."

मी त्यांना जवळजवळ ओढतच जिन्याकडे नेलं. जिना अजून लावलेला होता. ती पांढऱ्या गणवेशातली पोरगी घड्याळाकडे बघत खाली येऊन उभी होती, आणि वर हे तसेच कठड्याला चिकटलेले. आधी माझं कार्ड लावलं, टूं. मग वहिनींचं लावलं. मशीन कर्कश वाजलं आणि लाल दिवा लागला. आत असलेल्या माणसाला ते पुन्हा आत कसं घेणार?

वहिनी दचकून म्हणाल्या, "हे असं का करतंय?"

हे वरून लगेच म्हणाले, मशीनच बिघडलंय वहिनी, दुपारपासून घोळ घालतंय. आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. अधिकारी बाईही काही बोलली नाही. सगळे मला वाट काढून देत होते. पूर्वी एका मुलीने मैत्रिणीच्या नावाला ‘हजर’ म्हटलं होतं, तर मी तिला दिवसभर वर्गाबाहेर उभी केली होती. आठ वर्षांची होती.

"मशीन ठीक आहे," मी म्हटलं. "तुमची हजेरी मी लावली, वहिनी. कार्डं मोजली. तीन भरली. मागे वळून पाहिलं नाही."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील, फाडफाड बोलतील, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी फक्त हात पुढे केला. मी कार्ड दिलं.

जिना उचलला गेला. आमच्या मजल्यावर वहिनी आपल्या दारासमोर उभ्या राहिल्या आणि कार्ड उलटं लावलं. मग आडवं लावलं. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते पाठीमागे बांधून ठेवले. तिसऱ्यांदा दार उघडलं.

आत जाता जाता त्या वळल्या.

"उद्या परत किनाऱ्यावर उतरायचंय ना? कार्ड माझ्या गळ्यात राहील. आणि तू माझ्या मागून चालायचंस."

मी मान डोलावली. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसलेच असणार.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "मी वळून बघत असते."