तरंगणाऱ्या डब्याचा संशय

मित्रांनो, तेल संपले की डब्याचे काम संपले असे तुम्हाला वाटत असेल, तर जरा थांबा. मी एक जुना पांढरा डबा आहे, पाच लिटरचा. माझ्या पोटातले तेल संपून बारा वर्षे झाली. माझे खरे काम सुरू झाले ते त्यानंतर.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम, मऊ प्लास्टिकची नळी लोखंडी साच्यात धरून तिच्यात हवा भरतात. तोंडाने फुगा फुगवावा तसा मी फुगलो आणि साच्याला चिकटून थंड झालो. साच्याच्या दोन भागांची शिवण अजून माझ्या दोन्ही कुशींवर आहे. बुडाशी बाणांचा एक त्रिकोण आहे आणि त्यात दोनचा आकडा. हा आकडा कशासाठी, हे मला कोणी सांगितले नाही. न विचारता अंगावर आकडा टाकलेला डबा संशयी होणार नाही तर काय होईल?

तेल संपल्यावर मला फेकून दिले असते. पण त्या घरातला धाकटा भाऊ खाडीत मासेमारी करायचा. त्याने मला राख आणि गरम पाण्याने घासले, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून ते घट्ट आवळले, पोटावर लाल रंगाचे दोन पट्टे ओढले आणि माझ्या कानात दोरी ओवली. त्या दोरीचे दुसरे टोक जाळ्याला. पाण्यावर मी, पाण्याखाली जाळे. मी दिसलो म्हणजे जाळे जागेवर आहे, एवढे सांगणे हे माझे काम.

"हा डबा म्हणजे माझा पाण्यावरचा डोळा आहे," असे धाकटा चारचौघांत म्हणायचा, तेव्हा मी आणखी दोन बोटे वर तरंगत असे. एक गोष्ट मात्र त्याच्या आणि माझ्या कधी लक्षात आली नाही. हा डोळा फक्त वर बघत होता. खाली काय चालले आहे, ते मला कधीच दिसले नाही.

धाकट्याला एक थोरला भाऊ होता. दोघांची घरे शेजारी, अंगण एक आणि होडीही एकच. खाडीच्या वळणावर एक खोल जागा होती, तिथे मासे हमखास लागत. एक आठवडा तिथे थोरल्याचे जाळे, एक आठवडा धाकट्याचे. थोरल्याच्या जाळ्यावर एक निळा डबा असे. काम नसले की आम्ही दोघे अंगणातल्या एकाच खांबाला पाठीला पाठ लावून टांगलेले असायचो. तो कधी बोलला नाही. मला तेव्हाही वाटे, हा काहीतरी लपवतो आहे.

अशी नऊ वर्षे गेली. मग ती सकाळ आली.

ओहोटी जोरात होती. धाकटा एकटाच जाळे ओढत होता आणि जाळे खाली कशात तरी अडकले. तो ओढत राहिला. होडी एका बाजूला कलली आणि काठावरून पाणी आत येऊ लागले. धाकट्याने कमरेची सुरी काढली आणि मला जाळ्याशी बांधणारी दोरी एकाच घावात कापली. होडी वाचली, तो वाचला, मी वाचलो. जाळे गेले.

यात लाजण्यासारखे काही नव्हते. पण ते जाळे नवे होते आणि थोरल्याने आदल्याच दिवशी बजावले होते की, पाण्याला ओढ आहे, एकटा जाऊ नकोस. धाकटा किनाऱ्याला लागला, तेव्हा थोरला समोरच उभा होता.

"जाळं कुठंय?"

"नेलं कुणीतरी," धाकटा म्हणाला. "गेलो तर नुसता डबा तरंगत होता."

थोरल्याने मला उचलून बघितले. "जाळं नेलं आणि डबा ठेवला? भारीच सभ्य चोर दिसतोय."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं म्हटलं का मी?"

आता माघार घेता येत नव्हती. धाकट्याच्या तोंडून पुढचे वाक्य निसटले. "जागा आपल्या दोघांनाच माहीत होती, दादा."

मित्रांनो, सुरीने कापलेले मी त्या सकाळी दोनदा पाहिले.

थोरला पाठ फिरवून घराकडे चालू लागला. पंधरा दिवसांनी त्याने अंगणाच्या मधोमध पत्रे उभे केले. आमचा खांब नेमका मध्ये आला. म्हणून मी धाकट्याच्या बाजूला राहिलो आणि निळा डबा थोरल्याच्या बाजूला.

मग मासे कमी होऊ लागले. आधी चार दिवसांआड, मग रोजच. पूर्वी पाटी भरून येणारा जिताडा मासा आता एखादा लागला तर लागला. थोरल्याच्या आठवड्यातही तेच रडगाणे, पण ते धाकट्याला कोण सांगणार? त्याला वाटले, आपल्या पाळीत थोरला पहाटे येऊन जाळे उपसतो. थोरल्याला वाटले, धाकटा उपसतो. आणि मला तर पक्की खात्री होती. मी दिवसभर पाण्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीकडे संशयाने पाहत असे. माझ्या डोक्यावर बसणाऱ्या बगळ्यावरही माझा विश्वास नव्हता.

गंमत बघा, जाळे कापलेले मी पाहिले होते. ती चोरी नव्हती, हे मला ठाऊक होते. तरीही थोरला चोर आहे, असे मला वाटू लागले. धाकट्यालाही तसेच वाटू लागले. खोटे आपणच बोललो, हे तो हळूहळू विसरूनच गेला.

त्याने एक युक्ती काढली. माझ्या कानापासून जाळ्यापर्यंत त्याने एक केसाएवढा धागा बांधला. कोणी मला उचलले, तर धागा तुटणार. दुसऱ्या दिवशी धागा तुटलेला होता. तिसऱ्या दिवशीही.

"बघ!" त्याने घरी येऊन मुलीला धागा दाखवला.

ही त्याची मुलगी. तिला सगळे टकटक म्हणत. किनाऱ्यावर वाहून आलेले प्लास्टिक गोळा करणाऱ्या बायकांच्या गटात ती होती. बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्यांचे काम चाले. डबे, बाटल्या, दोऱ्या धुवायच्या, वेगवेगळ्या करायच्या आणि यंत्रात त्यांचा चुरा करायचा. मग त्या चुऱ्याच्या कुंड्या आणि गटाराची झाकणे होत. प्लास्टिक कोणते आहे, हे कळायला ती बोटाने टकटक वाजवून बघे, बुडाचा आकडा वाचे आणि तरीही शंका राहिली तर तुकडा बादलीतल्या पाण्यात टाके. तरंगला तर एका ढिगात, बुडाला तर दुसऱ्या.

"बाबा, काका तापाने पडले होते ना मंगळवारी?" तिने विचारले. "त्या दिवशी धागा तुटला होता की नाही?"

"तुटला होता."

"मग?"

"मग त्यानं दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असेल!"

"आणि लाटेनं तुटला असेल तर? एकदा बादलीतल्या पाण्यात दोन तास हलवत ठेवून बघूया का?"

"तू तुझी भंगाराची अक्कल भंगारात वापर," धाकटा म्हणाला आणि उठून गेला.

टकटकने जाता जाता माझ्या पोटावर बोट वाजवले. "हा पण आता ठिसूळ झालाय. उन्हाने. फार तर वर्षभर टिकेल." आणि तिने मला उलटे करून बुडाचा आकडा वाचला. त्या दिवसापासून मला हिचाही संशय येऊ लागला. गोणी घेऊन ती अंगणात आली की मी खांबावर आक्रसून बसे. आज हिचे बोट माझ्या पोटावर आहे, उद्या मी यंत्राच्या तोंडात असेन.

शेवटी थोरल्याने पत्र्यापलीकडून सांगितले, "होडी विकून टाकू. आपापलं बघू. अमावास्येनंतर दोन दिवसांनी गिऱ्हाईक येणार आहे." धाकटा "बरं" म्हणाला. होडी गेली, तर त्याला दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जावे लागणार होते. सहा सहा महिने घराबाहेर. त्या घरातल्या प्रत्येकाला ते माहीत होते.

अमावास्येला भरती-ओहोटी सगळ्यात मोठी असते. त्या दिवशी पाणी इतके ओढले की कधी न दिसलेला गाळही उघडा पडला. सकाळी टकटक किनाऱ्यावरून आली, ती मागे एक ओला ढिगारा ओढत. अंगणाच्या तोंडाशी, पत्रे सुरू होतात तिथे, तिने तो पसरला आणि हाका मारल्या. "बाबा! काका! काकू! सगळे या. मासे कोण चोरतं ते सापडलं."

तो एका जाळ्याचा, ओहोटीबरोबर तुटून आलेला तुकडा होता. फाटके, चिखलाने माखलेले. आणि त्यात एक जिताडा होता.

"बघा," ती उकिडवी बसली. तिला धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. "दोऱ्यावर ही पांढरी कवचं. नखाएवढी झालीत. म्हणजे वर्ष-दोन वर्षं हे कुणी पाण्याबाहेर काढलेलंच नाही. आणि हा मासा बघा. कल्ले लाल. आज पहाटेचा आहे. एवढं जुनं जाळं आणि ताजा मासा! म्हणजे हे खाली उभं राहून मासे धरत होतं आणि उरलेलं जाळं अजून धरतंय. आपल्या जाळ्याच्या आधी. मासा अडकतो, मरतो, त्याला खायला खेकडे येतात, तेही अडकतात. चोर कुणी नाहीच, काका!"

काकू वाकल्या. त्यांनी जाळ्याचा एक कोपरा बोटांत धरून चिखल पुसला. खाली हिरवा दोरा निघाला.

"अगंबाई, हे तर माझ्या हातचं काम," त्या म्हणाल्या. "नवं जाळं विणताना पांढरा दोरा संपला म्हणून कडेला हिरवा घेतला होता मी. तुम्हीच हसला होतात ना, भाऊजी, जाळ्याला ठिगळ लावलं म्हणून?"

धाकटा एक पाऊल मागे सरकला.

टकटक अजून आपल्याच नादात होती. तिच्या हातात आता दोरीचे टोक होते. "आणि हे बघा, दोरी ताणून तुटली, तर टोकाला पिंजते. ही पिंजलेली नाही. सरळ..."

ती थांबली. तिने मान वर करून खांबाकडे पाहिले. माझ्या कानातल्या दोरीचा जुना तुकडा अजून लोंबत होता. त्याचे टोकही सरळ होते. मित्रांनो, त्या मुलीने आयुष्यात हजार डबे वाजवले असतील, पण तिच्या बोटांतून काहीतरी असे गळून पडलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले. दोरीचे टोक चिखलात पडले.

ती वडिलांकडे वळली. थोरल्यानेही ते टोक पाहिले होते.

"कापलं मी," धाकटा म्हणाला. "अडकलं होतं. होडी उलटत होती. तू नको जाऊ म्हणाला होतास."

"दोन वर्षं," थोरला म्हणाला.

"हो."

"दोन वर्षं मला चोर म्हणालास."

"तसं म्हणालो नाही कधी, दादा."

"पत्रे लागले अंगणात! अजून काय म्हणायचं राहिलं होतं?"

"पत्रे तुम्ही लावलेत," काकू शांतपणे म्हणाल्या. "भाऊजींनी नुसते खिळे दिले."

कोणीही हसले नाही. पण थोरला खाली बसला. त्याने तो जिताडा जाळ्यातून सोडवला, कल्ले उघडून पाहिले आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

"कुठं कापलंस, ती जागा आठवते?"

"झोपेतही सांगेन."

"उद्या पाणी कधी ओसरतं?"

"पावणेसातला."

"मग सहाला निघू. आणि त्या गिऱ्हाइकाला सांग, होडी कामात आहे."

दुसऱ्या दिवशी दोघे एका होडीतून गेले. मला त्या जागेवर खूण म्हणून बांधले आणि निळ्या डब्याला जाळ्याच्या दुसऱ्या टोकाचा अंदाज घेऊन. दोन वर्षांत पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर आलो. लोखंडी आकडा टाकून त्यांनी खालचे सगळे ओढले. एका बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला ते जाळे गुंडाळले होते. सांगाडे आले, शिंपल्यांचे गड्डे आले, मेलेले खेकडे आले आणि पंख पसरलेला एक पाणकावळा आला. बुडी मारून मासा धरायला गेला असेल बिचारा. ज्या पाण्यावर बसून मी जगावर संशय घेत होतो, त्याच पाण्याखाली हे सगळे होते. मी इतका हलका आहे, याची मला त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली.

सगळे एका दिवसात गोड झाले, असे मी सांगणार नाही. मासे यायला कित्येक महिने लागले. थोरला त्याहून जास्त दिवस कामापुरतेच बोलला. पत्रे मात्र निघाले. ते आता टकटकच्या शेडच्या छपराला आहेत. जाळ्याला वजनासाठी लावलेले शिशाचे मणी काढून, जाळे धुऊन, कापून तिने पोत्यांत भरले. बादलीत टाकलेला त्याचा तुकडा सरळ तळाशी गेला. त्यावरून तिने ढीग ठरवला.

आणि मी? माझ्या शिवणीवर एक तडा गेला आहे. टकटकने मला वाजवले, तेव्हा दोघांनाही आवाज कळला. मी तयारी केली होती. पण तिने तड्यावर एक पट्टी वितळवून लावली आणि मला धक्क्यावरच्या खांबाला टांगले. खाली थोरल्याने रंगाने लिहिले, 'जाळे हरवले? मला घेऊन जा.' आता ज्याचे जाळे खाली अडकते, तो मला नेतो आणि त्या जागेवर बांधतो. मग सगळे मिळून ते बाहेर काढतात. पहिल्या खेपेला मला न्यायला आला, तो माणूस इकडे तिकडे बघत, मान खाली घालून आला होता. हल्ली लोक दिवसाढवळ्या, मान वर करून येतात.

संशयाची खोड अजून पुरती गेलेली नाही. टकटक गोणी घेऊन धक्क्यावर आली की अजूनही मी खांबावर आक्रसतो. एक दिवस ती मला नेणारच. माझ्या बुडाचा आकडा त्याचसाठी होता, हे आता मला कळले आहे. माझी कुंडी झाली, तर मला चालेल. पण उघड्या डोळ्यांनी मला यंत्रात टाका, चुकून पाण्यात सोडू नका. मी कुजत नाही, विरघळत नाही, आणि ते जाळे थांबले नाही, तसा मीही थांबणार नाही.

मित्रांनो, तुमच्या हातून काही निसटले, तर ते हरवले आहे, असे त्याच दिवशी सांगा. मी खांबावर आहे. मला न्यायला या.