नैवेद्याआधीची पेज

आमच्या घरात डोकं दुखलं की औषध पोटाला देतात. कारण दुखणं कसलंही असो, त्याचं नाव एकच, पित्त. लग्न होऊन मी नाहूरला आले त्याच वर्षी सासूबाईंनी माझं निदान करून टाकलं आणि त्यावर पुढे कुणी अपील केलं नाही. कोकम सरबत झालं, मोरावळा झाला, सकाळी उठून मिठाचं पाणी पिऊन उलट्या काढणं झालं. नवऱ्याच्या मित्राने सांगितलं म्हणून चष्मा लागला, ऑफिसातल्या नीलमने सांगितलं म्हणून सायनसचा एक्स-रे निघाला. कपाळाला बाम तर इतका चोपडायचे की घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात माझ्याआधी माझा वास पोचायचा.

डोकं मात्र दुखायचंच. दुखायचं ते अर्धं, उजवीकडचं, डोळ्यामागे कुणी ठोके मारत बसल्यासारखं. उजेड नको, आवाज नको, शेजारच्यांच्या फोडणीचा वास तर नकोच नको. शेवटी उलटी व्हायची आणि सासूबाई जिंकल्यासारख्या म्हणायच्या, "बघ, पित्त पडला. आता बरा वाटतला." आणि खरंच जरा बरं वाटायचं, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे काही उरायचं नाही.

माझ्या सासूबाई मालन, मालवणकडच्या. लग्नानंतर त्या लालबागच्या चाळीत आल्या तेव्हा माझे सासरे जयवंत गिरणीत होते. पुढे गिरणी गेली, चाळ गेली, बिऱ्हाड नाहूरला आलं. गणपती मात्र एक वर्षही चुकला नाही. आमच्या गणपतीचा एक नियम आहे. नैवेद्य रांधणारी बाई देवाला पान दाखवेपर्यंत तोंडात काही घालत नाही. पाणी नाही, चहा नाही. आणि आरती संपायला दुपार होते.

सासूबाईंना त्या दिवशी देव दिसायचा. म्हणजे आरतीच्या सुमारास मूर्तीभोवती चांदीसारखा उजेड हलायचा, नागमोडी, लखलखता. मग त्या आतल्या खोलीत जाऊन डोक्याला फडकं बांधून संध्याकाळपर्यंत पडून राहायच्या. दर्शनाचा भार सोसत नाही, असं भावकीतले लोक म्हणायचे आणि त्यांच्या पाया पडायचे. मीही तेवढाच कडक उपास करायचे, पण मला कधी उजेडबिजेड दिसला नाही. मला दुपारी फक्त मोरी दिसायची. माझी भक्तीच कच्ची असणार, असं कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण बघायचे तसंच.

गेल्या वर्षी हद्द झाली. मोदकांची उकड मळताना मी तिथेच ओट्याखाली बसले ती उठलेच नाही. पाहुणे बाहेर, देव पाटावर आणि मी भिंतीला डोकं लावून हुंदके देतेय. निलेशने, माझ्या नवऱ्याने, मला उचलून खोलीत नेलं आणि विसर्जन झाल्यावर जाहीर केलं, "पुढच्या वर्षी घरी गणपती नाही. काकांकडे गोवंडीला जाऊन पाया पडायचं. हिचा जीव घेऊन कसली पूजा?"

सासूबाई फडताळातली समई घासूनपुसून कागदात गुंडाळायला लागल्या, बस्स.

निलेश माझ्याच बाजूने बोलत होता, तरी मला त्याचाच राग आला. सुनेच्या डोक्यापायी मालनचा गणपती बंद झाला, हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. पण ते सोडा. चाळ गेली तेव्हा न रडलेली ही बाई ती समई गुंडाळताना रडत होती, आणि ते मला बघवत नव्हतं.

"एक वर्ष दे," मी निलेशला म्हटलं. "माझं डोकं मी बघते. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

"आणि जमलं तर?"

"तर गणपती येणार. इथेच."

मुलुंडच्या डॉक्टर तेजल यांचं नाव नीलमनेच दिलं. त्या मेंदूविकाराच्या डॉक्टर आहेत हे कळल्यावर सासूबाई माझ्याबरोबर यायला निघाल्या. "पित्त नाय म्हणतत तर काय म्हणतत, ता माका ऐकूक व्हया," असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांनी इतके प्रश्न विचारले की तेवढे लग्न ठरवतानाही कुणी विचारले नव्हते. कुठल्या बाजूला दुखतं, किती वेळ, पाळीच्या आधी वाढतं का, झोप किती, जेवण कधी, हृदयाचा काही त्रास, गोळ्या किती. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, "दुखलं की घेते." "आणि दुखतं कधी?" "जवळजवळ रोज." त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला मायग्रेन आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूचा स्वभावच असतो तसा, बरेचदा घराण्यातून आलेला. बदल त्याला सोसत नाही. झोप कमी झाली, जेवण चुकलं, ऊन लागलं, उग्र वास आला, की तो चिडतो. पोट त्यात नंतर ओढलं जातं. उलटी हा त्या दुखण्याचाच भाग आहे, कारण नव्हे."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसले असते.

मग त्यांनी समजावलं ते असं. मी आजवर आधी सहन करायचे आणि जोर चढला की साधी डोकेदुखीची गोळी घ्यायचे, तीही जवळजवळ रोज. तोवर पोट मंदावलेलं असतं, गोळी लागू होत नाही. मायग्रेनची खास गोळी असते, ती दुखणं सुरू होताच घ्यायची. ती हृदयाचा त्रास असणाऱ्यांना देत नाहीत, म्हणून तो प्रश्न. पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही, कारण रोजरोजच्या वेदनाशामक गोळ्यांनीच डोकं दुखत राहतं. हे ऐकून मी गार पडले. म्हणजे मी रोज माझी डोकेदुखी स्वतःच्या पर्समधून काढून पाण्याबरोबर गिळत होते!

दुसरं औषध रोजचं, दुखो न दुखो. त्यातली काही मुळात ब्लड प्रेशरची, काही फिटची, पण मायग्रेनचे झटके कमी करतात. थोड्या मात्रेने सुरुवात आणि दोन-तीन महिने धीर धरायचा. त्यानेही भागलं नाही तर महिन्याला घ्यायचं इंजेक्शनही आता निघालंय, पण तो पुढचा विचार. आणि कधी एकाएकी भयंकर दुखलं, हातपाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं, तर मायग्रेन म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

"कायमचं जाईल का?" मी विचारलं.

"तसं मी सांगणार नाही. पण आज ते तुम्हाला चालवतंय, उद्या तुम्ही त्याला चालवाल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुखण्याला कुणीतरी त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली होती. मला तिथेच रडू आलं. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"दुखण्याआधी डोळ्यांसमोर काही दिसतं? नागमोडी लखलखती रेघ, हलणारी? आणि तेवढ्या जागचं समोरचं दिसेनासं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"माका दिसता," मागून आवाज आला.

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "कधी दिसतं, आई?"

"गणपतीक."

"त्या दिवशी उपाशी असता?"

"उपाशी रवल्याशिवाय नैवेद्य कसो व्हतलो?"

"आणि मग डोकं दुखतं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. तेवढं उत्तर पुरेसं होतं. डॉक्टर अलगद म्हणाल्या, "मायग्रेन असलेल्या काही लोकांना असं दिसतं. पण तुमच्या वयाला मी नुसतं ऐकून ठरवणार नाही. डोळे, बीपी, बाकीही सगळं तपासून घेऊ." पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या, काही वावगं निघालं नाही, आणि डॉक्टरांनी त्यांनाही मायग्रेनच सांगितलं. घराण्यातून येतं म्हणे, आणि आमची घराणी दोन. निलेशने मुलगी बघताना नेमकी आईसारखी शोधली होती.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून रिक्षाने परतताना सासूबाई नाहूरचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "मगे तो देव नव्हतो?"

आयुष्यभर जपलेली एकच श्रीमंती मी त्यांच्याकडून काढून घेतली असं मला वाटलं. मी त्यांचा हात धरला. "मला काय कळतंय, आई," म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

पुढचं वर्ष एकदम झकास गेलं असं नाही. जुन्या गोळ्या बंद केल्यावर पहिले काही आठवडे वाट लागली. पण हळूहळू दुखण्याचे दिवस पांगत गेले. यात औषधाचा वाटा मोठा, पण सासूबाईंचाही मोठा. त्यांनी माझं जेवण सरकारी खात्यासारखं ताब्यात घेतलं. ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन यायचा, "जेवलस?" नाही म्हटलं की असा उद्धार व्हायचा की बाजूची नीलम हसून हसून लोळायची. त्या बाईचे उपकार मी कुठे फेडू? पित्त म्हणणारी, पण माझ्यासाठी आपलं म्हणणं बदलणारी.

गणपती आला. निलेशने स्वतः जाऊन मूर्ती सांगितली, समई कागदातून बाहेर निघाली, छताला नारळ-काकडी टांगलेली लाकडी माटी बांधली गेली. फक्त एका गोष्टीवर कुणी बोललं नव्हतं. उपासाचं काय? मी आपली सोय केली होती. बाथरूममध्ये शाम्पूच्या बाटल्यांमागे बिस्किटांचा पुडा लपवला होता.

त्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी स्वयंपाकघरात आले तर सासूबाई खाली बसलेल्या. समोर वाडग्यात पेज, वर चमचाभर तूप, बाजूला लोणच्याची फोड.

"बस. खा," त्या म्हणाल्या.

"आई, नैवेद्य..."

"मोदक देवाचे, पेज तुझी. देवाक सांगलंय मी. आणि ती बिस्किटां बाहेर काढ, न्हाणीत खातत काय कोण?"

मला हसू आलं. मी दुसरं वाडगं काढलं, पेज वाढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्ही नाही, तर मीही नाही."

त्यांनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाहेर बघितलं. पूजा व्हायची होती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता. "तो अजून झाकलेलो आसा," त्या हळूच म्हणाल्या. "बेगीन उरकूया." आणि ओट्याखाली, गेल्या वर्षी मी कोसळले होते तिथेच, आम्ही दोघींनी चोरासारखी पेज खाल्ली.

दुपारी आरती झाली. मी देवाकडे कमी आणि सासूबाईंकडे जास्त बघत होते. मग सासऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा गणपती म्हाराजा! सुनेच्या डोक्याक आराम दिलस, असोच ऱ्हवांदे. त्या मुलुंडच्या डॉक्टरणीक सुखात ठेव. आणि घरातल्या बायकांनी तुझ्याआधी दोन घास खाल्ले आसतीत तर ता गोड मानून घे, रे म्हाराजा!"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी म्हटलं, सगळ्यांत मोठ्याने मी.

मग प्रेमाकाकी, आमच्या भावकीतल्या, दरवर्षीसारख्या सासूबाईंच्या पाया पडायला पुढे झाल्या. "वयनी, दिसलो काय गो देव?"

सासूबाई मूर्तीकडे टक लावून उभ्या होत्या. कपाळाला आठी नव्हती, हात डोक्याकडे जात नव्हता.

"दिसलो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सां तो उजेड मेलो नेमको तोंडारच येय. डोळे कसे काढलेत, सोंड खयच्या बाजूक, काय म्हणता काय बघूक गावला नाय. आज सगळा तोंड बघलंय." त्यांनी डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पानां घे गो, श्वेता. तुझी जेवणाची वेळ झाली."