फांदीला बांधलेलं फळ

माझ्या नातीनं, श्रेयानं, चार वर्षांपूर्वी हिमाचलातून पीचचं रोप आणून आमच्या हर्सूलच्या अंगणात लावलं. ती तिकडं डोंगरात पीचच्या झाडांचाच अभ्यास करते. जसजसं वर चढावं तसतसं पान लहान, फळ लहान अन् पिकायलाही उशीर, हे मोजून वहीत लिहिते. मागच्या खेपेला जाताना म्हणाली, "आजी, याला फळ लागलं की बघायला येईन."

त्याला दोन वर्षं झाली. झाडाला नुसती पानं. घरात मी एकटी, पण कुणाला 'ये गं' म्हणून विनवणारी मी नव्हे.

श्रावणात छावणीच्या बाजारात पीच दिसली. पाव किलो घेतली. त्यातलं एक दोऱ्यानं फांदीला बांधलं अन् शेजारच्या द्वारकाबाईला फोटो काढून श्रेयाला पाठवायला लावला.

"याला देठ कुठंय?" ती म्हणाली.

"तू फोटो काढ. पंचायत नको."

तासाभरात श्रेयाचा फोन. ती दारातच आल्यागत मी पदर सावरून बसले.

"आजी, फळ कधी धरलं?"

"धरलं आपलं."

"सखल भागातली फळं मे-जूनमध्येच संपतात. ऑगस्टात फक्त वरची, थंड भागातली पिकतात. तू म्हणशील तर वहीत लिहिते. हर्सूल, एक फळ."

ओरडली असती तर मीही दोन ऐकवल्या असत्या. पण ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. लिही म्हटलं असतं तर आली असती कदाचित. पण त्या वहीत तिची चार वर्षांची मेहनत हाय.

"नको लिहू," मी म्हणाले. "बाजारातलं हाय. दोऱ्यानं बांधलंय. द्वारकाबाईचं डोकं."

ती हसली. "बरं, पान तरी मोज."

मी ब्लाउजच्या मापाचा टेप आणला. "सोळा सेंटिमीटर."

"एवढं मोठं माझ्या वहीत कुठंच नाही, आजी."

"असणारच. इथं दुसरं कामच काय हाय त्याला?"

येण्याचं तिनं काढलं नाय, मी विचारलं नाय. फोन ठेवला, दोरा सोडला, फळ ओट्यावर बसून खाल्लं. मग पान परत मोजलं. साडेपंधराच भरलं. मघाशी घाईत टेप सैल धरला होता.

वहीत चूक जायला नको म्हणून फोन लावला. लाइन बिझी होती. टेप हातात धरून परत लावला.