मोकळी टाळू

बनाबाईनं प्लॅस्टिकचा जबडा उलटा करून पाहिला आणि त्यातला एक स्क्रू नखानं हलवून बघितला. तो हलला नाही. टेबलापलीकडे डॉक्टर हसले.

"आता आतनं बघा, मावशी. टाळू पूर्ण मोकळी. वरच्या जबड्यात चार स्क्रू बसवायचे आणि त्यावर पक्के दात. रोज काढायची भानगड नाही, घालायची नाही."

"आणि चव?"

"चवीला काय होतंय? टाळू झाकतच नाही ना आपण."

बनाबाईला एवढंच ऐकायचं होतं. बाकीचं सगळं, हाड किती उरलंय, जखम भरायला किती महिने, मिश्री कायमची बंद, हे तिनं देवळातल्या प्रवचनासारखं मान हलवत ऐकून घेतलं. खर्चाचा आकडा डॉक्टरांनी तोंडानं सांगितला नाही. कागदावर लिहिला आणि कागद सम्राटकडे सरकवला. दोन लाख ऐंशी हजार. सम्राटनं तो वाचला आणि आईकडे न बघता घडी करून खिशात ठेवला. मागे उभ्या असलेल्या सुनेनं, वर्षाराणीनं, पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

रिक्षात मात्र सम्राट बोलला. "मिरची कुटायचा डंक पुढच्या वर्षी घेऊ. दात म्हत्त्वाचं."

"व्हय," वर्षाराणी म्हणाली. "आत्तींची जीभ हाय म्हणून तर धंदा हाय."

पुण्या-मुंबईच्या माणसाला चटणी म्हटलं की ताटातली डावी बाजू आठवते. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभराच्या तिखटाची बेगमी, आणि ती बिघडली तर वर्षभर घरातल्या बाईला ऐकून घ्यावं लागतं. मंगळवार पेठेत बनाबाई सव्वीस वर्षं लोकांच्या चटण्या करून देत होती. मार्च लागला की घरात बसायला जागा उरायची नाही. मसाले भाजायचे, मिरच्या डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, नेऊन कुटून आणायच्या, कांदा-लसूण-खोबरं मिसळायचं, आणि शेवटी मीठ. मिठाला माप नव्हतं. बनाबाई परातीसमोर मांडी घालून बसायची, बोटाच्या टोकावर चटणी घ्यायची, जीभ टाळूला लावायची आणि टक् असा आवाज काढायची. मग म्हणायची, "आनि अर्धी मूठ," नाहीतर, "भरा." तिच्या आधी कुणी चाखायचं नाही, हा घरचा कायदा होता. मरेपर्यंत तिच्या नवऱ्यानंही तो मोडला नव्हता.

त्या तोंडात आता वरचे अकरा दात उरले होते आणि त्यांतले सात हलत होते. चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दारात बसून लावलेल्या मिश्रीनं आपलं काम चोख केलं होतं. भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय जात नव्हती, आणि महिन्यातून दोनदा गाल सुजायचा. दात काढायचे हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की पुढं काय. सरकारी दवाखान्यात दात फुकट काढत होते आणि थोडक्या पैशात कवळीही करून देत होते. पण ती कवळी सगळी टाळू झाकणारी. स्क्रूचे दात तिथं होत नव्हते.

पैसे नसते तर बनाबाईची सुटका झाली असती. पैसे होते, तेच दुखणं होतं. सम्राट आणि वर्षाराणीनं स्वतःचा डंक घ्यायला ते जमवले होते. हंगामात दुसऱ्याच्या डंकावर पहाटे नंबर लावायचा, मालकाची बोलणी खायची, नाका-डोळ्यांत झोंबणाऱ्या मिरचीच्या खाटात तीन-तीन तास उभं राहायचं, हे सगळं सुनेच्या वाट्याला होतं. मागच्या बोळातली पत्र्याची खोली तिनं झाडून, चुना मारून तयार ठेवली होती. त्या खोलीकडे बघायचं बनाबाईनं तीन दिवस टाळलं.

तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बसली की उठायची, उठली की पुन्हा बसायची. पुसलेली परात पुसायची. जेवताना मध्येच म्हणायची, "सरकारीतच जाऊ," आणि हात धुता धुता, "न्हाय, स्क्रूच बरं." सम्राटनं शेवटी हात जोडले. "आये, एकदा काय ते ठरीव. दोन दिसांत मला डॉक्टरकडं अॅडव्हान्स भरायचा हाय."

मग ती दोन दारं सोडून नजीराकडे गेली. नजीराची कवळी सरकारी दवाखान्यातली, वर्षभरापूर्वीची. नजीरानं ती तोंडातून काढून बशीत ठेवली. गुलाबी, ओली, टाळूसकट.

"खोटं कशाला बोलू? डॉक्टरीणबाई लई गुणाची. तीन महिनं खेटं घालाय लागलं, पण दात आलं. शेंगदाणं खाती मी." नजीरा बोळक्या तोंडानं हसली. "पण चहात साखर पडलीया का न्हाय, कळत न्हाय बग. पोरगं वरडतंय, अम्मी, शुगर हुईल."

"मीठ कळतंय?"

"मीठ बी जरा…" नजीरानं हात हलवला. "माझं काय जातंय? मी कुठं चटण्या करती?"

बनाबाई घरी आली ती ठरवूनच. स्क्रू. मन खाईल तर खाईल, पण जीभ गेली तर ही बाई कोण? पेठेत कोपऱ्यावर बसून भाजी निवडणारी आणखी एक म्हातारी. इतकं स्वच्छ भय तिला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

पण धंद्यातली बाई. दोन लाख ऐंशी हजारांचा माल न तपासता घ्यायचा, हे काही तिच्या पचनी पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षाराणी डंकावर गेली, सम्राट कामावर. बनाबाईनं सकाळची दुधाची रिकामी पिशवी धुतली, कात्रीनं कापली, तोंडात घालून बघितली, पुन्हा कापली. चार-पाच वेळा कातरल्यावर ती टाळूला नीट चिकटली. एक कोपरा दाढेखाली दाबून धरला की हलत नव्हती. झाली कवळी. आरशात बघून तिचं तिलाच हसू आलं.

चूलखोलीत दोन पराती होत्या. एक जयसिंगपूरच्या अडत्याच्या घरची, सकाळीच तिनं चाखून "भरा" म्हटलेली. दुसरी शेजारच्या गल्लीतली, अजून मीठ न घातलेली. ती पहिल्या परातीसमोर बसली, बोट बुडवलं, जीभ वर लावली. टक् झालं नाही, प्लॅस्टिक कुरकुरलं. तिखट लागलं. लसूण कळला. मीठ? थांबून थांबून तिनं अंदाज घेतला. असंल, असं म्हणण्याइतपत.

तिनं पिशवीचा तुकडा काढला, चूळ भरली, थोडी भाकरी चघळली आणि मोकळ्या टाळूनं पुन्हा चाखलं.

सारखंच.

बनाबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं "आगं बया!" म्हणाली. फरकच नव्हता! नजीराच्या जिभेत खोट असणार, कवळीत नाही. फुकटात काम होणार होतं, पैसा वाचणार होता, पोरीचा डंक येणार होता. सम्राटला फोन करावा म्हणून ती उठलीसुद्धा. मग खात्रीसाठी, केवळ खात्रीसाठी, तिनं दुसऱ्या परातीत बोट घातलं. ही अळणी. हिच्यापुढं फरक लगेच कळायला हवा.

तिखट लागलं. लसूण कळला. मीठ असंल, असं म्हणण्याइतपत.

ती खाली बसली. पुन्हा चूळ भरली. दोन वाट्यांत दोन्हीकडची चटणी काढली, डोळे मिटले, वाट्या इकडच्या तिकडे केल्या आणि चाखलं. तीन वेळा. तिन्ही वेळा डोळे उघडल्यावर तिला वाट्यांकडे बघूनही सांगता येईना की कुठली कुठली. शेवटी तिनं बरणीतलं चिमूटभर मीठ सरळ जिभेवर टाकलं. मिठाचे कण बोचले. खारटपणा आला, पण लांबून कुणी हाक मारावी तसा.

बाहेर कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत गेली. बनाबाईच्या पाठीला घाम फुटला होता.

जीभ आज तर गेली नसणार. कधीची गेली असेल? आणि गेली असेल तर दोन हंगाम तिनं "भरा" म्हणून सोडलेल्या चटण्यांचं काय? एक तक्रार नाही. उलट गेल्याच आठवड्यात त्या अडत्याच्या बायकोनं फोन करून सांगितलं होतं, मावशी, तुमच्या हातासारखं मीठ कुणाला जमत न्हाय. बनाबाईनं फोन स्पीकरवर टाकून ते सगळ्यांना ऐकवलं होतं. वर्षाराणी तेव्हा पिशव्यांना गाठी मारत होती.

पिशव्या. दोन वर्षांपूर्वी त्या अडत्याच्याच घरची लग्नाची ऑर्डर गेली होती, आणि त्यानंतर कधीतरी सूनबाई म्हणायला लागली होती, "आत्ती, तुमचं गुडघं दुखत्यात. चाखून झालं की तुम्ही पडा. भरायचं मी बघती." बनाबाईनं ते कौतुकानं गल्लीभर सांगितलं होतं.

वर्षाराणी साडेतीनला आली. अंगभर मिरचीचा खाट, डोळे लाल. बनाबाई पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. सून दाराशी येऊन डोकावून गेल्याचं तिला कळलं. मग चूलखोलीत परात सरकली. मग टक्, अगदी हळू, आणि मिठाच्या बरणीचं झाकण. मूठ परातीत झडल्याचा, हात फिरल्याचा आवाज. पुन्हा टक्. मग पिशव्यांची कुरकुर सुरू झाली, म्हणजे सकाळी "भरा" म्हटलेलीच परात.

बनाबाईला पहिल्यांदा राग आला, आणि तो चांगलाच आला. माझ्या घरात, माझ्यामागं, माझ्या परातीत! उठावं आणि हात धरावा असं वाटलं. पण उठून म्हणायचं काय? दुसरी कुणी असती तर पहिल्याच बिघडलेल्या परातीला म्हातारीची जीभ गेली म्हणून पेठेत दवंडी पिटली असती, आणि परातीसमोरची जागा घेऊन मोकळी झाली असती. हिनं जागा तशीच ठेवली आणि वर डंकाचे पैसेही सोडायला निघाली. जी जीभ नाही हे तिला ठाऊक होतं, तीच वाचवायला. बनाबाईनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. तिला रडू आलं होतं आणि भिंतीपलीकडे ते ऐकू जायला नको होतं.

सकाळी सम्राट शर्टाची बटणं लावत म्हणाला, "चेकबुक घेतलंय. चला."

"सरकारीत जायचं," बनाबाई म्हणाली.

"आये, काल काय म्हणालतीस तू?"

"कालचं काल गेलं."

सम्राटनं बायकोकडे बघितलं. वर्षाराणी कणीक तशीच सोडून उठली. "आत्ती, तिथं टाळू झाकत्यात. नजीरामावशींनी सांगितलं न्हवं? तुमची चव जाईल. पैशाचं मनावर घिऊ नका. डंकाला काय घाई हाय?" तिचा चेहरा इतका खरा काकुळतीला आलेला होता की बनाबाईला क्षणभर वाटलं, काल ऐकलं ते स्वप्नच होतं.

"तू चल माझ्यासंगं," ती म्हणाली. "हात धू."

दवाखान्यात केसपेपरची रांग दारापर्यंत आली होती. पंख्याखालचं बाकडं मिळवायला दोघींना पाऊण तास लागला. शेजारी गाल धरून बसलेला शिरोळचा एक म्हातारा आपल्या दाढेची कहाणी सगळ्यांना सांगत होता. वर्षाराणी दोनदा म्हणाली, "अजून बी माघारी जाऊ, आत्ती." बनाबाई पायाचा अंगठा जमिनीवर आपटत राहिली. साडेअकराला नाव पुकारलं.

डॉक्टरीण तिशीचीही नसेल. तिनं बॅटरी मारून बघितलं, एकेक दात चिमट्यानं हलवला, दोन हप्त्यांत सगळे काढू म्हणाली, मिश्रीवरून बोलणी ऐकवली. मग रजिस्टरात लिहिता लिहिता विचारलं, "काय काम करता, मावशी?"

"चटण्या करून देतो आमी. मंगळवार पेठेत."

पेन थांबलं. "मग एक आधीच सांगते. ही कवळी टाळू झाकते. सुरुवातीला चव कमी लागेल, काहींना नंतरही कमीच लागते. तुमचा धंदा चवीचा. बाहेर स्क्रूचे दात बसवतात, खर्चिक आहेत, पण टाळू मोकळी राहते. घरी बोलून ठरवा हवं तर. घाई नाही."

"तेच म्हणती मी," वर्षाराणी पुढं सरकली. "बाई, तुम्हीच सांगा ह्यास्नी. सगळं ह्यांच्या जिभंवर हाय."

बनाबाईनं सुनेकडे बघितलं नाही. डॉक्टरणीच्या टेबलावर कापसाचा डबा होता, त्याच्याकडे बघत ती म्हणाली,

"चाखायचं काम माझं न्हाय, बाई. ही चाखती. दोन वर्सं झाली."

डॉक्टरीण "बरं" म्हणाली आणि पुढं लिहायला लागली. वर्षाराणीच्या हातातला केसपेपर खाली पडला. तो उचलायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"आत्ती, मी…"

"गप. मागं रांग हाय," बनाबाई म्हणाली आणि तिनं तोंड उघडलं.