कपारीतला पाला

गुंजवण्याच्या ठकुबाईला दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता. एक म्हणजे साठी उलटली तरी तिचे सगळे दात जागच्या जागी होते, आणि दुसरी म्हणजे तिच्या हाताचा गुण. जनावराचं पोट फुगलं की पार मार्गासनीहून माणसं धावत तिच्या दारात यायची. राजगडाच्या उतारावर एक कपार होती. त्या कपारीतला पाला ती तोडून आणायची, वाटून जनावराला पाजायची, आणि जनावर उठून उभं राहायचं. म्हणजे बहुतेक वेळा राहायचं.

आणि नाही राहिलं तर? त्याचीही सोय तिच्या सासूनं आधीच करून ठेवली होती. पाला आणायचा तो उजाडायच्या आत, कपारीकडे पाठ करून, डोळे मिटून. वाटायचा तो पदराखाली. औषध जनावराच्या पोटात जाईपर्यंत त्या घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. पाल्याचं नाव तर सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, सांगितलं की गुण गेलाच. मीही ते इथं लिहीत नाही, उगाच माझ्या डोक्यावर पाप कशाला! तर असं सगळं होतं. जनावर वाचलं तर ठकुबाईच्या हाताचा गुण, आणि दगावलं तर घरातलं कुणीतरी बोललं. इतका चोख कारभार कुठल्या कचेरीतही नसेल.

आदल्या वर्षी चिमाजीचा बैल असाच दगावला. ठकुबाई ओसरीवर औषध वाटत होती तेव्हा चिमाजी बाहेर बैलापाशी होता आणि आत घरात त्याची बायको बाळाबाई एकटीच होती. "बाळी बोलली," ठकुबाईनं सांगून टाकलं. बाळाबाईनं देवाची शपथ घेतली, पोराची घेतली, पण ऐकतंय कोण? तेव्हापासून चिमाजी बायकोशी कामापुरतं बोलायचा. ओढ्यावर बायका तिला 'बोलकी' म्हणून चिडवायच्या. ठकुबाई आणि ती एकाच ओढ्यावर धुणं धुवायच्या, पण वर्ष झालं तरी एकमेकींकडं मान वर करून बघत नव्हत्या.

अशात, सन चौतीसच्या पावसाळ्यात, भोरहून शाळेवर नवा मास्तर आला. सावळाराम त्याचं नाव. अंगानं काटकुळा, नाकावर चष्मा, काखेत छत्री, कानावर शिसपेन्सिल. पुढच्या दिवाळीनंतर भोरात शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. त्यात गुंजवण्याच्या झाडाझुडपांची चित्रवही मांडायची, असं त्यानं मनावर घेतलं. शाळा सुटली की तो बांधावर जाऊन बसायचा आणि एकेका रोपट्याकडं डोळे बारीक करून बघायचा.

गावानं एका दिवसात निकाल लावला की हा मास्तर नव्हे, मोजणीदार आहे. सारा वाढवायला संस्थानानं वेष बदलून पाठवलाय. चिमाजीनं तर त्याला काकडी नेऊन दिली आणि हळूच म्हणाला, "मास्तर, त्यो बांध जरा आत धरा की. लई न्हाई, दोन पावलं." मास्तरनं त्याला तेरड्याचं फूल काढलेलं दाखवलं. चिमाजीनं कागद उलटा करून, सुलटा करून बघितला. आपलं शेत काही त्यात सापडेना, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला. काकडी मात्र वाया गेली म्हणून तो चार दिवस हळहळत होता.

ठकुबाई शेरडं घेऊन त्याच वाटेनं जायची. तिनंही एकदा वहीत डोकावलं.

"ह्ये काय काढलंय? कोंबडीचा पाय?"

"तेरडा आहे, आजी."

"आजी म्हनू नका. दात हायेत अजून." ठकुबाई खाली बसली. "तेरड्याच्या फुलाला मागं शेपूट असतंय, ते कुठं गेलं? माशीनं मध कुठनं प्यायचा, तुमच्या डोंबलातनं?"

मास्तरनं फूल फिरवून बघितलं. खरंच की! मागं बारीक, वळलेली शेपटी होती. तो लाजला, त्यानं रबर काढलं आणि फूल पुन्हा काढलं. ठकुबाईला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा शिकलेल्या माणसानं तिचं ऐकून काहीतरी खोडलं होतं.

मग ती रोज यायला लागली. शेरडं आपली मागं कुणाच्याही वावरात तोंड घालायची आणि ठकुबाई मास्तरच्या चुका काढत बसायची. कुर्डूचा तुरा असा ताठ नसतोय, भारंगीचं पान एवढं गुळगुळीत कुठनं आणलं. मास्तर सगळं मुकाट्यानं खोडायचा आणि पुन्हा काढायचा. पण एकदा त्यानं तिलाच पेचात धरलं.

"ठकुबाई, टाकळ्याच्या एका देठाला पानं किती?"

"लई असत्यात."

"किती?"

जन्मभर टाकळ्याची भाजी केली, पण पानं कोण मोजत बसतंय? मास्तरनं एक देठ पुढं धरला. तीन जोड्या, सहा पानं. दुसरा धरला. तीन जोड्या. ठकुबाई घरी गेली आणि परड्यातला सगळा टाकळा मोजून आली. सगळीकडं सहाच. तिला त्या दिवशी जेवणही गोड लागेना, इतकी ती चकित झाली होती. मग मास्तर तिला विचारायचा आणि ती मास्तरला विचारायची, असं दोघांचं छान चाललं होतं. फक्त कपारीचा विषय ती निघू द्यायची नाही.

पण एका दुपारी मास्तरनं वहीचं नवं पान उघडलं. त्यावर कपारीतला तोच पाला होता.

"ह्यो कुठं घावला तुमास्नी?"

"वर, त्या कपारीत. नाव काय याचं?"

"नाव न्हाई त्येला."

"असं कसं? प्रत्येकाला नाव असतं."

"ह्येला न्हाई. आनि काढलंयबी चुकीचं." एवढं बोलून तिनं जीभ चावली. पण चूक दिसल्यावर गप्प बसणं तिला कुठलं जमायला? "पानं समोरासमोर असत्यात. तुमी एक हिकडं, एक तिकडं काढलंय. दांडाबी चौकोनी असतोय, गोल न्हाई."

"मी समोर बसून काढलंय, ठकुबाई."

"म्या चाळीस वरसं तोडतीया!"

"डोळे मिटून ना?" मास्तर सहज म्हणाला. गावात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

ठकुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चला वर," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला. दावते तुमास्नी डोळं उघडून."

पुढं ठकुबाई, मागं धापा टाकत मास्तर, आणि त्यांच्यामागं आपलंच काम आहे असं समजून शेरडं. कपारीपाशी पोचल्यावर ठकुबाईनं उजवीकडं हात घातला आणि एक डहाळी खुडली. पानं समोरासमोर, दांडा चौकोनी. तिनं ती मास्तरच्या नाकापुढं नाचवली. मास्तरनं डावीकडून एक खुडली. पानं एक इकडं, एक तिकडं. दांडा गोल. दोन्ही डहाळ्या त्यानं उघड्या वहीवर शेजारी शेजारी ठेवल्या. पानाचा आकार तोच, रंग तोच, चोळल्यावर वासही जवळजवळ तोच.

"दोघांचंही बरोबर!" मास्तर हरखून गेला. "एका कपारीत दोन जाती. वा, ठकुबाई, एका चित्राची दोन झाली माझी!"

ठकुबाईनं दोन्ही डहाळ्या हातात घेतल्या. सासूनं तिला दाखवला होता तो चौकोनी दांड्याचा. उजवीकडचा. एरवी ती त्याच बाजूनं वर यायची. पण गेल्या पावसात दरड कोसळून उजवीकडची वाट काही दिवस बंद होती. चिमाजीच्या बैलाच्या वेळी ती डावीकडून चढली होती, डोळे मिटून, पाठ करून, आणि तिथंच हात घातला होता. डावीकडं सगळा गोल दांड्याचाच पाला होता. तिनं खात्री करायला पुन्हा पुन्हा बघितलं. तिकडं एकही चौकोनी नव्हता.

"मग खाली काय लिहू?" मास्तरनं विचारलं.

"काय बी लिवू नका," ती म्हणाली आणि एकटीच उतरायला लागली.

त्यानंतर तीन दिवस ती शेरडं घेऊन बाहेर पडली नाही. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? मास्तरला बैलाची गोष्ट ठाऊकही नव्हती. इथून पुढं डोळे उघडे ठेवून उजवीकडचा पाला तोडायचा, म्हणजे झालं. एकही जनावर दगावलं नसतं आणि तिचं नाव आणखी वाढलं असतं. पण चौथ्या दिवशी ती ओढ्यावर गेली, तेव्हा अंबूबाईनं नेहमीप्रमाणं बाळाबाईला हाक मारली, "बोलके, हळू बोल की गं, मासं पळत्याल!" बायका हसल्या. बाळाबाई धुणं आपटत राहिली. ठकुबाईच्या लक्षात आलं की गेलं वर्षभर बाळाबाई ओढ्यावर एक अक्षरही बोललेली नाही. ती तशीच माघारी फिरली आणि घटकाभरानं पुन्हा ओढ्यावर आली.

"बाळे," ती म्हणाली.

धुण्याचे आवाज थांबले. वर्षात पहिल्यांदाच ती बाळाबाईशी बोलत होती.

"बैल तुज्या बोलन्यानं न्हाई मेला. पाला दोन परकारचा हाय. म्या त्या दिशी चुकीचा आनला. डोळं मिटून आनला आनि तुज्यावर ढकललं."

"आत्ता गं बया!" अंबूबाईनं तोंडात बोट घातलं. "मग तुमच्या हाताचा गुन?"

"कशाचा गुन आलाय हाताला? पाला बरूबर आला की गुन, चुकला की न्हाई. डोळं उघडं ठेवून तोडला की तूबी आनशील." मग ती बाळाबाईकडं वळली. "चुकलं माजं, बाळे. लई चुकलं."

बाळाबाईनं मान वर केली नाही. हातातली ओली गोधडी ती दगडावर दाबत होती.

"मला म्हाईत व्हतं, म्या बोलले न्हाई," ती म्हणाली. "पन तुमी म्हनाला, समदं गाव म्हनालं, ह्येबी म्हनाले. मग मलाच वाटाया लागलं, बोलले आसंन. बैल वरडत व्हता, तवा त्येला येखादी हाक मारली आसंन. रोज आठवायची म्या, मारली का न्हाई, मारली का न्हाई."

ठकुबाईला हुंदका फुटला. भर ओढ्यावर, सगळ्या बायकांसमोर, ती लहान पोरीसारखी रडली.

"आता मला काय सांगताय?" बाळाबाई म्हणाली. "घरी ह्येंना सांगा."

"त्येला सांगूनच आले. गोठ्यात दावनीपाशी बसलाय. तुज्यासमुर याया धीर व्हईना झालाय त्येला."

बाळाबाईनं तेव्हा कुठं वर बघितलं. पदरानं डोळे पुसले, गोधडी पाण्यातून ओढून काढली आणि तिचं एक टोक ठकुबाईपुढं केलं.

"धरा," ती म्हणाली. "लवकर पिळू. मला घरी जायचंय."