खाली ठेवेपर्यंत

मी व्यायामशाळेतला वजने लावायचा एक जुना रॉड आहे, आणि सरळ नाही. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, कारण जमिनीवर घरंगळवलात तर तुम्हाला ते दिसणारच. माझ्या अंगात मधोमध थोडा बाक आहे. तो जन्माचा नव्हे.

कारखान्यात तापवून, ओढून मला घडवले तेव्हा मी ओळंब्यासारखा सरळ होतो. तळहात घसरू नयेत म्हणून अंगावर बारीक जाळी कोरली होती. पोलाद मुळात लवचीक असते. टोकांना जड प्लेटा चढवून मला उचलले की टोके खाली झुकतात, आणि ओझे उतरले की मी पुन्हा सरळ होतो. पण त्यालाही हद्द असते. सारखे आपटत राहिले की एक दिवस वाकलेले परत येत नाही.

आणि आमच्या व्यायामशाळेत आपटण्याचीच रीत होती. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे. उचलणारा ताठ झाला रे झाला की बाकीचे एका सुरात ओरडत, "सोड!" तो हात सोडून देई, मी धाडकन खाली येई आणि टाळ्या पडत. जितका मोठा आवाज तितका मोठा पराक्रम. सुरुवातीला मला ते कौतुक माझेच वाटे. पुढे नुसता शीण येऊ लागला. नवे चकचकीत रॉड आले, तसा मी भिंतीशी गेलो. नवशिक्यांपुरती माझी आठवण होई.

एक नवशिकी अशीच आली. इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरींचे गठ्ठे उपसणारी बाई. धाकट्या बहिणीने तिला ओढून आणले होते. बहीण ताई म्हणे, म्हणून सगळेच ताई म्हणू लागले. तिची कंबर धरली तेव्हा मुकादमाने तिला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलावर बसवले होते. "ओझी उचलायचं तुमचं वय गेलं आता," असे चारचौघींत म्हणाला होता. ते तिच्या मनातून जात नव्हते.

पहिल्या दिवशी तिने मला पायांपासून लांब धरून खेचले.

"अगं, सुई हरवलीय का खाली?" आमचे मास्तर म्हणाले. व्यायाम तेच शिकवत. "पाठीची कमान करू नकोस. रॉड नडगीला लागू दे."

"नडगी सोलवटते, मास्तर."

"सोलवटू दे. कमरेपेक्षा नडगी स्वस्त!"

ते खरे होते. मी शरीरापासून जितका लांब, तितका कमरेवर ताण जास्त. ती शिकत गेली. पोटात श्वास भरायचा, हात सरळ ठेवायचे आणि उचलण्याआधी मला हलकेच ताणायचे. तेव्हा मी प्लेटांच्या भोकात वर टेकतो आणि 'टक्' असा आवाज होतो. मग पायांनी जमीन ढकलायची. महिने गेले, वजने वाढली. शेवट मात्र तोच राहिला. "सोड!" आणि धाडकन. मास्तर स्वतःही ओरडत. खाली ठेवणेही शिकवावे लागते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

मग तिने पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत नाव दिले. त्यात आधी स्क्वॉट म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन बैठक, मग बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणे पडून वजन वर ढकलणे आणि शेवटी डेडलिफ्ट. प्रत्येकात तीन संधी. एकात जरी तिन्ही हुकल्या, तरी बाकीची मेहनत वाया जाते आणि निकालात नाव लागत नाही. ताईला बक्षीस नको होते. तिला निकालात नाव हवे होते.

एका शाळेच्या सभागृहात स्पर्धा भरली. सरावाला रॉड कमी पडत होते, म्हणून मलाही टेम्पोत घालून नेले. मी पडद्यामागे होतो. दिसत काही नव्हते, ऐकू सगळे येत होते.

पहिले दोन प्रकार पार पडले. डेडलिफ्टला ती मंचावर गेली. क्षणभर शांतता, मग आमच्याच लोकांचा गजर, "सोड!" धाडकन! ती पडद्यामागे आली.

"लाल दिवे का लागले?" तिने विचारले. पंचांचे लाल दिवे म्हणजे उचल बाद.

"पंच 'डाऊन', म्हणजे खाली ठेव, म्हणेपर्यंत धरायचं असतं," मास्तर खजील होऊन म्हणाले. "आपल्याच लोकांनी घात केला."

दुसऱ्या वेळी तिने वाट पाहिली. 'डाऊन' ऐकू आले. लगेच धाडकन. पुन्हा लाल.

"आता काय झालं गं?" बहीण रडकुंडीला आली होती.

"जमिनीला टेकेपर्यंत हात सोबत न्यायला हवे होते. सवयीने सुटले." ताई म्हणाली. "उचललं तर होतं ना मी! आता मुकादमाला आयतं कोलीत."

मग ती माझ्याकडे आली. हलक्या प्लेटा लावून तिने मला उचलले. कंबर मागे नेत, मांड्यांवरून, गुडघ्यांवरून मला खाली आणले आणि ठेवले. इतक्या वर्षांत कोणी मला असे ठेवले नव्हते. तिने पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

"आता तुमच्यापैकी कोणी तोंड उघडलं, तर घरी बोलणार नाही," ती बहिणीला म्हणाली.

"दातखीळ बसवून घेते, ताई. जा तू."

तिसऱ्या वेळी मंचावरच्या रॉडचे 'टक्' मला कळले. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. 'डाऊन' आले. मी आपटण्याची वाट पाहत राहिलो. आवाज आला तो ओट्यावर भरले पातेले टेकवावे एवढाच. दिवे पांढरे लागले, हे मला बहिणीच्या किंकाळीवरून समजले.

ताई गटात शेवटची आली. "पण यादीत आहे," ती म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसली.

मित्रांनो, आमच्याकडची रीत फारशी बदललेली नाही. ताई मला हाताने खाली ठेवते, बाकीचे अजून सोडून देतात. मी थकलो आहे. तुमच्याकडे एकच मागणे आहे. उचलताना जोर सगळेच लावतात. काहीही उचला, पण ते खाली ठेवण्यापुरती ताकद हातांत शिल्लक राहू द्या.