चौथा रंग

चित्रकर्तीने पुस्तक तीनच रंगांत काढलं होतं : पिवळा, लाल, निळा. मग छापखान्यातून चौथ्या सहीसाठी बोलावणं कशाला? तिथे चित्रकाराची सही झाल्याशिवाय एकही रंग मशीनवर चढत नसे, म्हणून ती हातातलं काम टाकून आली. मशीनवाल्या काकांनी काळ्या रंगाचा नमुना पुढे केला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रत्येक चित्राखाली काळ्या अक्षरांत वाक्य! ‘आई पेटी घेऊन बाजारात निघाली.’ ‘कुत्रा म्हणाला, लवकर ये हं!’ आणि शेवटच्या रिकाम्या खुर्चीखाली, ‘आई आता येईलच!’

आई येणार नव्हती. चित्रकर्तीची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती हे एकच पुस्तक काढत बसली होती आणि त्यात तिने मुद्दाम एकही अक्षर घातलं नव्हतं.

तिने तिथूनच संपादकाला फोन लावला.

"मॅडम, चिडू नका," संपादक म्हणाला. "पालक विचारतात, पुस्तकात वाचायचं काय?"

"डोळे फुटलेत का त्यांचे? ज्याला जे दिसेल ते त्याने वाचावं! मध्ये नाक खुपसणारे तुम्ही कोण? सही देणार नाही, बसा बोंबलत!"

काका तीन रंगांत छापलेले कागद सारखे करत होते. "बरं झालं, ताई," ते म्हणाले. "मला तर वेगळंच दिसलं होतं. बाई पेटी उचलून पळाली. नवऱ्याच्या जाचातून सुटली एकदाची. माझ्या बहिणीला नाही जमलं ते."

"पळाली?" चित्रकर्ती कडाडली. "माझी आई आहे ती! पळाली नाही, वारली!"

काकांचे हात थांबले. "असं होय," ते ओशाळून म्हणाले. "मग तसं लिहायचं ना, ताई. मला कसं कळणार?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिला आपलेच शब्द आठवले. मघाशी फोनवर ती काय ओरडली होती, ते काकांनीही ऐकलं होतं. तिला संपादकाचा राग आला होता, काकांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आईचा, एका शब्दानेही न सांगता गेली म्हणून. तिने काळा नमुना टराटरा फाडला.

"काळा चढवायचा नाही, काका."

"नाही चढवत. पण मग ती बाई..."

"पळाली," ती दातओठ खात म्हणाली. "तुमच्या पुस्तकात पळाली."